पाणवठ्यावरील राखण

आमच्याकडील इतिहासग्रंथांत तळीं, विहिरी आणि घाट ह्यांचा उल्लेख येतो तो बहुतेक बांधणाराच्या नांवानेंच येतो. नागपूरच्या जुम्मा तलावाचें, म्हणजे आजच्या गांधीसागराचें, नांव निघालें कीं देवगडचा गोंड राजा चांदसुलतान आठवतो. एखादा घाट दिसला कीं तो कोणत्या सरदारानें बांधिला हें आम्ही विचारतों. परंतु त्या पाण्याच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या जीं मुलें खेळलीं, त्यांची राखण कोण करीत होतें, हा प्रश्न इतिहासकारांनीं विचारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रश्न लहान दिसतो, पण तसा तो नाहीं. अपघाती मृत्यूंच्या सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ या एका वर्षांत हिंदुस्थानांत ३८ हजारांहून अधिक माणसें बुडून मेलीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लक्ष लोक बुडाले, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील बालकांचा होता. लढाया आणि सांथी ह्यांचा इतिहास लिहिला जातो. मग ह्या मृत्यूंचाच इतिहास नसावा कां?

तो लिहावयास आम्ही नागपूर जिल्ह्यांतील कळमेश्वर तालुक्याचा आधार घेतों. नागपूरहून काटोलच्या वाटेवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हें गांव आहे. तेथें कांहीं विशेष मोठी दुर्घटना झाली म्हणून आम्हीं त्याची निवड केली असें नाहीं. पाण्याचीं जितकीं रूपें महाराष्ट्रांतील मुलाला भेटतात, तितकीं सारीं ह्या एका तालुक्यांत जवळजवळ नांदतात, हें त्याचें कारण. विदर्भाचें पंढरपूर म्हणून ज्यास मान आहे तें धापेवाडें येथेंच चंद्रभागा नांवाच्या नदीच्या तीरावर आहे. संत्र्यांचे मळे येथें आहेत आणि त्यांबरोबर खोल विहिरी आहेत. अलीकडे शेततळीं झालीं आहेत. आणि नागपूर शहर पश्चिमेकडे वाढत चालल्यापासून काटोल व अमरावती ह्या रस्त्यांच्या आसमंतांत पोहण्याच्या हौदांसह विश्रामस्थळें आणि जलोद्यानें उभीं राहिलीं आहेत. नदी, विहीर, शेततळें आणि जलतरण-तलाव ह्या चार पायऱ्यांनीं आमच्या प्रश्नाचा इतिहास चढतां येतो.

प्रथम नदी आणि विहीर घेऊं. जुन्या पाणवठ्याविषयीं आमच्या मनांत एक गोड समजूत आहे. तेथें बायका धुणें धूत, गुराखी गुरांस पाणी दाखवीत, वाटसरू हातपाय धूत. अर्थात् मुलांवर दहा जणांचे डोळे असत, असें आम्ही मानतों. ही समजूत अर्धीच खरी आहे. माणसें दहा होतीं, पण तीं सर्व कामांत होतीं. धुणें आपटणारीची पाठ पाण्याकडे नसली तरी तिची नजर कपड्यावर असे. विहिरीची गोष्ट तर अधिकच कठीण. मोटेची विहीर बांधावयाची म्हणजे एक बाजू उघडी ठेवणें भाग असे. कारण त्या बाजूनेंच मोट वर येऊन थारोळ्यांत रिती व्हावयाची आणि बैलांनीं धावेवरून मागेंपुढें चालावयाचें. ज्या बाजूस माणसांची व मुलांची वर्दळ अधिक, तीच बाजू कठड्यावांचून राही. पुढें तेलाचे व विजेचे पंप आले, मोटा गेल्या, बैल धावेवरून उतरले. परंतु कित्येक विहिरींचा तो उघडा कांठ तसाच राहिला. कारण सरलें, धोका मात्र उरला.

मग ह्या पाण्यापासून मुलांचें रक्षण करण्याचे उपाय जुन्या समाजापाशीं नव्हतेच काय? दोन होते. पहिला भयाचा. डोहांत आणि विहिरींत आसरा राहतात, त्या एकट्यादुकट्या पोरास ओढून नेतात, ही समजूत महाराष्ट्रांत सर्वत्र आढळते. विहिरीच्या कांठीं सात आसरांची पूजा अद्यापि होते. आजचा सुशिक्षित मनुष्य ह्यास अंधश्रद्धा म्हणून हसतो. परंतु वाचतां न येणाऱ्या बालकासाठीं ती एक धोक्याची पाटी होती, असें आम्हांस वाटतें. तिच्यांत वैगुण्य एवढेंच कीं जें मूल कथा समजण्याच्या वयाचें झालेलें नाहीं, त्याला भयही कळत नाहीं. आणि अधिकांत अधिक बुडतें तें नेमकें त्याच वयाचें मूल.

दुसरा उपाय विद्येचा. पाठीस वाळका भोपळा, पांगाऱ्याचा हलका ओंडका किंवा रिकामा डबा बांधून मुलास पाण्यांत सोडावयाचें, आणि दोन पोहणाऱ्यांनीं आजूबाजूस राहावयाचें, ही पद्धति खेड्यापाड्यांतून रूढ होती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ ह्या १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मार देऊन विहिरीवर धाडते, तो प्रसंग अनेक वाचकांच्या स्मरणांत असेल. तेथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आईच्या कठोरपणाहून निराळी आहे. ती मुलाला मोकळ्या विहिरीवर धाडीत नाहीं. पोहणें शिकविणारीं माणसें विहिरीवर आहेत हें ठाऊक असल्यामुळें धाडते. ‘पाण्यांत पडलें कीं पोहतां येतें’ ही म्हण धैर्य देण्यास ठीक आहे. मुलांच्या बाबतींत ती शब्दशः घेणें घातुक होय.

ही विद्याही सर्वांस सारखी मिळत नसे. मुलींना पोहणें शिकविण्याची चाल थोडक्या घरांत होती. ज्या जातींना गांवच्या विहिरीवर मज्जाव होता, त्यांच्या मुलांचें पाणी म्हणजे दूरचा ओढा किंवा डोह. महाड येथें १९२७ सालीं चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, त्या देशांत पाणवठ्यावरील ‘सर्वांचे डोळे’ सर्वांच्या मुलांसाठीं होते असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं.

येथें एक विरोध आमच्या मनांत सलतो. ज्वारी हुरड्यावर आली कीं आमचा शेतकरी शेतांत मचाण घालतो आणि त्यावर गोफण घेऊन एक माणूस बसवितो. पांखरें उडविणें एवढेंच त्याचें काम. त्यानें मधून मधून गवत कापावें, दोरी वळावी, असें कोणी सांगत नाहीं. कारण डोळा चळला कीं कणीस गेलें हें सर्वांस पटलेलें असतें. गांवाच्या राखणीस जागल्या होता, त्याला त्या कामाबद्दल हक्क होता, आणि कसूर झाल्यास जाबही त्यालाच होता. म्हणजे राखण हें एक स्वतंत्र काम आहे, तें एकाच्या नांवानें सोंपवावें लागतें, हें तत्त्व आमच्या समाजास पूर्ण अवगत होतें. कणसाला राखणदार होता, गांवाला होता. पाण्याकांठच्या पोराला तेवढा नव्हता. तें काम सर्वांचें मानलें गेलें, म्हणून तें कोणाचेंच झालें नाहीं.

युरोपांतही ह्या कामास उशिरांच आरंभ झाला. कालव्यांच्या ॲमस्टरडॅम शहरांत १७६७ सालीं बुडालेल्यांस वाचविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. तिचें अनुकरण करून १७७४ सालीं लंडनमध्यें विल्यम हॉज आणि टॉमस कोगन ह्या वैद्यांनीं तशीच संस्था काढली. तत्पूर्वीं हॉज हा बुडालेला मनुष्य वेळेवर आणून देणारास स्वतःच्या खिशांतून बक्षीस देत असे. त्या काळच्या उपचारांत तंबाखूचा धूर आंतड्यांत भरणें हाही एक होता; तेव्हां बुडालेल्यास उलटें टांगणाऱ्या आमच्या खेडुतांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. विशेष हें कीं, ह्या संस्था बुडाल्यानंतरचा विचार करीत. बुडण्यापूर्वीं पाहणारा असावा, ही कल्पना पुढील शतकाची. १८९१ सालीं विल्यम हेन्री ह्याच्या खटपटीनें इंग्लंडांत पोहणाऱ्यांची जीवरक्षक संस्था निघाली. जर्मनींत १९१२ च्या जुलईंत बिंझ येथील समुद्रावरील धक्का मोडून पंधरांहून अधिक माणसें, बघ्यांच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत, बुडालीं. तेव्हां पुढील वर्षीं लाइप्झिग येथें तेथील जीवरक्षकांचा संघ स्थापन झाला. गर्दी म्हणजे राखण नव्हे, हा धडा त्या देशानें असा मोल देऊन घेतला.

आमच्याकडे इंग्रजी अमलांत कायदा आला. १८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांतील १३३ व्या कलमानें सार्वजनिक रस्त्यालगतची विहीर, तळें किंवा खड्डा ह्यांस कुंपण घालण्याचा हुकूम देण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास दिला. तीच तरतूद १९७३ च्या कायद्यांत त्याच क्रमांकानें राहिली आणि २०२३ च्या नव्या संहितेंत १५२ व्या कलमांत उतरली. कलम चांगलें आहे. परंतु त्याच्या डोळ्यांसमोर आहे तो रस्त्यानें जाणारा वाटसरू. ज्या मळ्यांत मूल राहतें त्याच मळ्याच्या विहिरीपासून मुलाला सांभाळावें, हा विचार त्यांत नाहीं. ती गोष्ट घरावर सोडली गेली.

पुढें विहिरींवर झांकणें पडलीं, पण तीं मुलांसाठीं नव्हेत. मुंबईंत डॉ. बेंटले ह्यांचा हिंवतापावरील अहवाल १९११ सालीं निघाला, आणि डांसांची पैदास थांबविण्यासाठीं शहरांतील विहिरी बुजविण्याची किंवा बंद करण्याची मोहीम सुरू झाली. खेड्यांत पायऱ्यांच्या विहिरींतून नारूचा रोग पसरे, म्हणून १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत पायऱ्या बंद करून त्या विहिरी वरून पाणी शेंदण्याजोग्या करण्यांत आल्या. २००० सालीं हिंदुस्थान नारूमुक्त ठरला. दोन्ही कामें धन्यवादास पात्र आहेत. परंतु त्यांचा रोख पाण्यास माणसापासून, आणि माणसास रोगापासून राखण्याचा होता. मूल पाण्यांत पडूं नये हा लाभ झाला तो ओघानें झाला. शिवाय नळ घरांत आले तसें पाणवठ्यावर जाणें संपलें, आणि त्याबरोबर भोपळा बांधून पोहणें शिकविण्याची चालही मागें पडली. मग दोन पिढ्यांनंतर पाणी परत आलें तें दोन नव्या रूपांनीं.

त्यांतील पहिलें शेततळें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली. पंधरा मीटर चौरसापासून तीस मीटर चौरसापर्यंत आकाराचीं व तीन मीटर खोलीचीं तळीं तींत होतीं. कोरडवाहू शेतीस त्यांचा उपयोग झाला. परंतु पाणी जिरूं नये म्हणून ज्या तळ्यास प्लॅस्टिकचें अस्तर घालतात, त्याच्या उतरत्या बाजू ओल्या झाल्या कीं इतक्या निसरड्या होतात कीं पोहणाऱ्या प्रौढासही वर चढतां येत नाहीं. विहिरींत निदान कपारी असत. येथें हाताला धरावयास कांहीं नाहीं. दोराची शिडी आणि भोंवतीं जाळीचें कुंपण हीं शेततळ्याचीं अंगेंच मानलीं पाहिजेत.

दुसरें रूप म्हणजे पोहण्याचा हौद. मुंबईचे ब्रीच कँडी येथील स्नानगृह, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचा टिळक तलाव, शिवाजी पार्कावरील महात्मा गांधींच्या नांवाचा तलाव, नागपुरांत अंबाझरी भागांतील सुधार प्रन्यासाचा तलाव: पोहण्याचे हे हौद व्यायामाच्या किंवा क्लबाच्या शिस्तींत चालत आले. तेथें पोहणें हेंच काम असतें. परंतु सहलीच्या ठिकाणचा किंवा विश्रामस्थळांतील हौद निराळा आहे. तेथें पाणी हें मेजवानीचें एक अंग झालें. मुलें पाण्यांत, वडील मंडळी छत्रीखालीं. गप्पा चाललेल्या, ताटें येतात, छायाचित्रें निघतात आणि प्रत्येकाच्या हातांत फोन असतो. जुन्या पाणवठ्यावर माणसें कामांत गुंतलेलीं असत. नव्यावर विसाव्यांत गुंतलेलीं असतात. गुंतणें तेंच आहे.

ह्या गुंतण्याची किंमत मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. अमेरिकेंतील ग्राहकवस्तु-सुरक्षा आयोगानें १९८६ सालीं आरिझोना, कॅलिफोर्निया व फ्लॉरिडा ह्या प्रांतांत पांच वर्षांखालील मुलांच्या हौदांतील अपघातांची पाहणी केली. त्यांतील ६९ टक्के मुलें त्या वेळीं पाण्याजवळ असतील अशी कोणाची कल्पनाच नव्हती, आणि ७७ टक्के मुलें पांच मिनिटें किंवा त्याहून कमी वेळच दृष्टीआड झालीं होतीं. बहुतेकांचे आईबाप, किंवा त्यांपैकीं एक तरी, घरींच होते. ह्याच सुमाराच्या आधीं न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरील फ्रँक पिया नांवाच्या जीवरक्षकानें बुडणाऱ्यांचीं चलच्चित्रें घेऊन दाखविलें कीं, बुडणारा मनुष्य ओरडत नाहीं आणि हात हालवून बोलावतही नाहीं. त्याचें तोंड पाण्यावर येतें तेवढ्या क्षणांत श्वासच कसाबसा घेतां येतो; हात पाण्यावर दाबले जातात; आणि वीस ते साठ सेकंदांत सारें संपतें. ‘कांहीं झालें तर ओरडेल कीं’ ह्या भरंवशावर आमचीं घरें आजवर चाललीं. तो भरंवसा खोटा आहे. २०१८ च्या उन्हाळ्यांत जर्मनीच्या त्याच जीवरक्षक संघानें पालकांना जाहीर इशारा दिला कीं, मुलें पाण्यांत असतांना फोन बाजूस ठेवा.

येथें आम्हांस एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. अशी दुर्घटना घडली कीं गांवाचें बोट प्रथम आईकडे वळतें. ‘तिचें लक्ष कोठें होतें?’ हा प्रश्न जन्मभर तिच्या पाठीस लागतो. भागवतांतील यशोदेची कथा ह्या ठिकाणीं आठवावी. चुलीवरचें दूध उतूं जाऊं लागलें म्हणून ती मुलास खालीं ठेवून धांवली. परत येते तों मडकें फुटलेलें आणि मूल नाहींसें झालेलें. शेवटीं तिनें त्याला उखळाला बांधलें. तिच्या प्रेमांत कोणी उणें काढणार नाहीं. चूल आणि मूल एकाच वेळीं एकाच बाईकडे सोंपविलें होतें, ही तेथील अडचण होती. हजारों वर्षें आम्हीं ती कथा ऐकली, आणि तिच्यांतील चुलीपाशीं दुसरें कोणी कां नव्हतें, हें विचारलें नाहीं.

तो प्रश्न ज्यांनीं विचारला त्यांस उत्तरही सांपडलें. बांगला देशांत प्रत्येक घरापाशीं डबकें किंवा पुष्करिणी असते, आणि लहान मुलें बुडतात तीं बहुधा सकाळीं नऊपासून दुपारपर्यंत, आई घरकामांत असतांना. तेथें गांवांतील एका बाईकडे वीस-पंचवीस मुलें त्या वेळेपुरतीं सोंपविण्याची योजना ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाली. तिचें नांव ‘आंचल’, म्हणजे आमच्या भाषेंत पदर. पदराखालीं आलेल्या मुलांत बुडण्याचें प्रमाण चार-पंचमांशाहून अधिक उतरलें. त्या बाईपाशीं यंत्र नव्हतें, मोठी विद्याही नव्हती. तेवढ्या वेळांत तिला दुसरें काम नव्हतें, इतकेंच. ज्वारीच्या मचाणावरचाच हा न्याय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सभेनें २०२१ सालीं बुडण्याच्या प्रतिबंधाचा ठराव करून २५ जुलै हा दिवस त्यासाठीं नेमला, आणि हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य खात्यानें डिसेंबर २०२३ मध्यें आपली योजना प्रसिद्ध केली. पण ठराव हौदापाशीं उभे राहत नाहींत. माणूस उभा राहतो.

तेव्हां इतिहासाचा निष्कर्ष घरगुती भाषेंत मांडावयाचा तर असा. पाण्यापाशीं जमलेल्या मंडळींत एकानें राखण पत्करावी, आणि ती तोंडानें बोलून पत्करावी. त्या पंधरा-वीस मिनिटांत त्यानें जेवूं नये, वाचूं नये, फोन दुसऱ्याच्या हातीं द्यावा. वेळ भरली कीं पुढच्याच्या नांवानें हांक मारून, ‘आतां तुमची’ असें म्हणून आणि त्याचा होकार ऐकूनच उठावें. पांच वर्षांखालील मूल हात लांबविला तर हातास लागेल इतकें जवळ असावें. जीवरक्षक नेमलेला असला तरी हें चुकत नाहीं; त्याचे डोळे पन्नासांवर असतात. मूल दिसेनासें झालें तर खोल्या धुंडाळण्यापूर्वीं पाणी पहावें. बुडालेल्यास उलटें धरून पाणी काढण्यांत वेळ दवडूं नये; तोंडानें श्वास देणें आणि छाती दाबणें हें शिकून ठेवावें. आणि हौदास चारी बाजूंनीं कुंपण व आपोआप मिटणारें फाटक असावें, कारण पाहणाराही शेवटीं माणूसच आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतानें १९९१ सालीं घरच्या हौदांना कुंपण सक्तीचें केलें तें ह्याच जाणिवेनें.

श्रावणी अमावास्येस विदर्भांत पोळा असतो. त्या सकाळीं पोरें बैल धुण्यास नदीवर व तळ्यावर जातात, आणि दुर्दैवानें त्या सणास बुडण्याची वार्ता वर्तमानपत्रांत वारंवार येते. तीच तिथि पिठोरीची. त्या संध्याकाळीं आई मुलांच्या आयुष्यासाठीं व्रत करते, डोक्यावर वाण धरून ‘अतीत कोण?’ असें विचारते, आणि पाठीमागून मूल ‘मी’ म्हणून उत्तर देतें. ज्या समाजानें मुलांच्या आयुष्यासाठीं इतका साधा व इतका नेमका प्रश्न शोधून काढला, त्यास तो सकाळीं पाण्याकडे निघतांना विचारणें जड जाऊं नये. बैल धुवावयास निघालेल्या मंडळींत, किंवा उन्हाळ्याच्या सुटींत हौदावर जमलेल्या आप्तांत, कोणीं तरी विचारावें, ‘राखण कोणाची?’ आणि एकानेंच, नांव घेऊन, ‘माझी’ म्हणावें. हें उत्तर मिळेपर्यंत मुलांनीं कांठावरच थांबावें.